भाड्याचं घर आणि स्मोक अलार्म: छताला चिकटलेल्या पांढऱ्या वाटीचं कुणी बघायचं?

भाचीने कांजुरमार्गला एका टॉवरमध्ये वन-बीएचके भाड्याने घेतला. कराराच्या नोंदणीला दोन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन हॉलमध्ये मांडी घालून बसला आणि सामानाची यादी वाचायला लागला. पंखे तीन, ट्यूब चार, गीझर एक, चिमणी एक, पडद्याचे रॉड पाच. मी सहज वर पाहिलं. छताला एक पांढरी, उपडी वाटी चिकटलेली होती आणि तिच्यावर प्लॅस्टिकची शॉवर कॅप. हॉटेलात फुकट मिळते ती, इलॅस्टिकसकट.

“ते धुराचं मशीन,” मालक काका म्हणाले. “आधीच्या पोरांनी झाकलं. फोडणी दिली की खाली वॉचमनकडे वाजायचं, तो दर वेळी इंटरकॉम करायचा.”

“यादीत घालू?” मी विचारलं.

“नाही हो मॅडम,” एजंट म्हणाला, “ते सोसायटीचं असतं.”

भाची म्हणाली, “म्हणजे माझं नाही, काकांचं नाही, सोसायटीचं. आणि टोपी कुणाची?”

टोपीवर कुणीच हक्क सांगितला नाही. मुंबईत कुठल्या टॉवरला आग लागली की दोन दिवस बातम्या चालतात, फायर ऑडिटचे आदेश निघतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अग्निशामक नळकांड्यांचे फोटो फिरतात. भाड्याच्या घरातल्या या वाटीचा प्रश्न मात्र त्या गडबडीत कुणी विचारत नाही. तो सोपा करून सांगायचा हा प्रयत्न.

धूर आधी, ज्वाळा नंतर

आग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येतात. घरातल्या आगीत माणूस बहुतेक वेळा भाजायच्या आधी गुदमरतो. गादीचा फोम, सोफ्याचं रेक्झीन, पडदे, वायरींचं प्लॅस्टिक धुमसायला लागलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटीहून जास्त ओढीने धरतं. चर्चगेटला खिडकी पकडून बसलेला आणि थेट विरारला उतरणारा प्रवासी आठवा. तो एकदा बसला की त्या सीटवर दुसऱ्याचा नंबर लागत नाही. रक्तातल्या सीटा अशा अडल्या की ऑक्सिजन नुसता दारात लोंबकळत राहतो.

‘धूर झाला तर वास येईलच की’ हे मी निदान दहा जणांकडून ऐकलंय. जागे असाल तर येईलही. झोपलेल्या माणसाचं नाक त्याच्यासोबत झोपतं, कान मात्र बऱ्यापैकी जागा राहतो. म्हणून अलार्म आवाज करतो. चांगला घरगुती अलार्म दहा फुटांवरून ८५ डेसिबलच्या आसपास ओरडतो. प्रेशर कुकरची शिट्टी उशीशी वाजावी तसा.

गोरेगावच्या जय भवानी इमारतीची आग ६ ऑक्टोबर २०२३ ची, पहाटे तीनच्या सुमाराची. खाली पार्किंगमध्ये कपड्यांचे गठ्ठे पेटले आणि धूर वर चढला. झोपेतून उठलेल्या माणसांपैकी निदान सात जण गेले. त्याआधी २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, चार जण दगावले. तिथे एका शाळकरी मुलीने शेजाऱ्यांना ओला कपडा नाकाला लावून श्वास घ्यायला सांगितलं आणि तिचं खूप कौतुक झालं, ते योग्यच होतं. ओल्या कपड्याने काजळी अडते, गरम हवा थोडी निवते. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून आरपार जातो. कपडा काही मिनिटं मिळवून देतो, आणि ती मिनिटं लवकर सुरू झाली तरच पुरतात.

अमेरिकेतली एनएफपीए ही संस्था अनेक दशकांपासून घरांच्या आगींचा हिशेब ठेवते. तिच्या आकडेवारीनुसार चालू स्थितीतला स्मोक अलार्म असलेल्या घरात आगीत जीव जायचा धोका अलार्म नसलेल्या किंवा बंद पडलेल्या घरापेक्षा निम्म्याहूनही कमी असतो. यातला ‘चालू स्थितीतला’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे.

वाटीच्या आत काय असतं

दुपारी बंद खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा पडलेला पाहिलाय? प्रकाशाची ती तिरीप खरं तर दिसायला नको. दिसते, कारण हवेतले धुळीचे कण तिला अडवतात आणि प्रकाश बाजूला फेकतात. वाटीच्या आत हाच कवडसा कोंडलेला असतो. एका अंधाऱ्या कप्प्यात बारीकसा दिवा आणि त्याच्या रेषेत नसलेला, जरा कडेला बसवलेला एक डोळा. हवा स्वच्छ असेल तर डोळ्याला काही दिसत नाही. धूर शिरला की कवडसा उजळतो, डोळ्यावर प्रकाश पडतो आणि वाटी बोंब मारते. या जातीला फोटोइलेक्ट्रिक म्हणतात. धुमसणाऱ्या गादीचा किंवा तापलेल्या वायरीचा जाड धूर ती पटकन पकडते.

दुसरी जात आयोनायझेशनची. तिच्यात अमेरिसिअम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ अगदी कणभर असतो. भडकून पेटणाऱ्या आगीत ती चपळ, पण तव्यावरच्या वाफेनेही बिथरते. मुंबईच्या घराला पहिलीच घ्यावी.

तिसरी वस्तू हीट अलार्म. तो धूर बघत नाही, उष्णता बघतो. एका ठरावीक तापमानाच्या वर, किंवा तापमान फार झपाट्याने चढलं तर वाजतो. त्याची जागा स्वयंपाकघरात.

कवडशाची गोष्ट लक्षात राहिली की देखभालही कळते. त्या कप्प्यात धूळ, कोळ्याचं जाळं किंवा झुरळाचं पिल्लू शिरलं की डोळ्याला तोही धूरच वाटतो. जुलैतल्या दमट हवेत हे जास्त होतं. उगाच वाजणारी वाटी बऱ्याचदा बिघडलेली नसते, मळलेली असते. व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने सहा महिन्यांतून एकदा बाहेरून धूळ ओढली तरी पुष्कळ फरक पडतो. आणि बनवल्यापासून दहा वर्षं झाली की ती बदलायची, वाजत असली तरी. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते.

डिटेक्टर वेगळा, अलार्म वेगळा

हा फरक एकदा नीट समजून घ्या, जबाबदारीचा सगळा गुंता इथेच आहे.

टॉवरमधली वाटी बहुतेक वेळा डिटेक्टर असते. तिला धूर कळतो, पण तिला स्वतःचा आवाज नसतो. ती वायरीने खालच्या फायर पॅनेलला सांगते आणि पॅनेल वाजतं. पॅनेल असतं वॉचमनच्या केबिनमध्ये. याउलट बाजारात सुट्टा मिळतो तो अलार्म. बॅटरीवर चालणारा, धूर ओळखणारा आणि तिथल्या तिथे ओरडणारा. एक चुगली करतो, दुसरा बोंब मारतो.

आम्ही टोपी काढली. भाचीने स्टुलावर चढून वाटीखाली दोन अगरबत्त्या धरल्या. खरं तर तंत्रज्ञ यासाठी टेस्ट स्प्रे वापरतात, पण वास्तूच्या पूजेचा पुडा हाताशी होता. वाटीवरचा बारीक लाल दिवा स्थिर झाला. मी इंटरकॉमवर वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, इधर तो कुछ नहीं बजा.”

खाली जाऊन पाहिलं. पॅनेलवर पिवळा ‘फॉल्ट’ दिवा लागलेला आणि बझर बंद करून ठेवलेला. सारखा वाजायचा म्हणून, कुणीतरी, कधीतरी. वर टोपी, खाली म्यूट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत.

कायदा कुणाकडे बोट दाखवतो

महाराष्ट्रात यासाठी एक स्वतंत्र कायदा आहे: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. इमारतीचा प्रकार आणि उंची पाहून कोणती आगप्रतिबंधक साधनं हवीत ते ठरतं. तपशील राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. तिच्या २०१६ च्या आवृत्तीचा चौथा भाग सगळा आगीवरच आहे, आणि तिच्या हिशेबाने १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच इमारत. उंची वाढत जाईल तसं पाण्याचे उभे पाइप, होज रील, अलार्म, स्प्रिंकलर अशी साधनं वाढत जातात. त्याशिवाय बिल्डरला बांधकामाच्या वेळी अग्निशमन दलाची एनओसी घ्यावी लागते आणि तिच्यात त्या इमारतीपुरत्या अटी असतात. फ्लॅटच्या आतली वाटी त्या अटींमुळे बसलेली असेल तर ती शोभेची वस्तू नाही, इमारत वापरायला मिळालेल्या परवानगीचा भाग आहे.

जबाबदार कोण? कायदा विकासक, मालक आणि भोगवटादार अशा तिघांची नावं घेतो. भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा. कायद्याने जाळं मुद्दाम मोठं टाकलंय. सोसायटीच्या इमारतीत व्यवहारात हे ओझं सोसायटीच्या कमिटीवर येतं. तिने परवानाधारक एजन्सीकडून साधनं तपासून घ्यायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘सगळं चालू आहे’ असं प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं. याला सगळे फॉर्म बी म्हणतात. घर बघायला जाल तेव्हा पाण्याची वेळ आणि पार्किंग विचारता, त्यासोबत शेवटचा फॉर्म बी कधीचा हेही विचारा. सेक्रेटरी उत्तराआधी किती वेळ घेतो त्यावरूनही बरंच समजतं.

अजून एक कलम फारसं कुणाला माहीत नसतं. आगीच्या सुरक्षेसाठी बसवलेल्या साधनांत कुणीही छेडछाड करायची नाही, ती काढायची, बदलायची किंवा बिघडवायची नाही, असं हाच कायदा सांगतो. ‘कुणीही’ म्हणजे मालकही आणि भाडेकरूही. शॉवर कॅप चेष्टेची वाटते, पण ती छेडछाडच. फॉल्स सीलिंग करताना वाटी छताच्या आत गाडून टाकणारे इंटीरियरवालेही यातच आले. त्यांनी तर कवडसाच बुजवलेला असतो.

मग दाराच्या आत कोण?

खरी भानगड इथे सुरू होते. आपला कायदा इमारतीकडे बघतो. लॉबी, जिना, डक्ट, पंपरूम. फ्लॅटच्या दाराशी तो बराचसा थांबतो. जुन्या, बुटक्या इमारतीत तुमच्या बेडरूमबाहेर अलार्म आहे की नाही हे कुणी विचारायला येत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नियम आहे: भाड्याच्या घराच्या राहत्या प्रत्येक मजल्यावर मालकाने निदान एक स्मोक अलार्म लावायचा, भाडेकरू राहायला येतो त्या दिवशी तो चालतोय हे तपासायचं. ऑक्टोबर २०२२ पासून भाडेकरूने बिघाड कळवला की दुरुस्तीही मालकाचीच. चुकला तर पाच हजार पौंडांपर्यंत दंड. नेहमीच्या तपासणीची आणि बॅटरीची अपेक्षा राहणाऱ्याकडून. इतकी स्वच्छ वाटणी आपल्याकडे कायद्यात नाही.

पण म्हणून मालक मोकळा, असंही नाही. मुंबईतली बहुतेक भाड्याची घरं लिव्ह अँड लायसन्सवर असतात. म्हणजे घराचा ताबा न देता फक्त वापरायची परवानगी. या परवानगीचं मूळ १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आहे. त्याचं ५७ वं कलम वाचून मी चकित झाले. परवानगी देणाऱ्याला मालमत्तेतला एखादा धोकादायक दोष माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर तो सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. पुढचं ५८ वं कलम म्हणतं की जागा वापरणाऱ्यासाठी असुरक्षित होईल असं काही देणाऱ्याने करू नये. १८८२ साली त्यांच्या डोळ्यांसमोर पडकी विहीर किंवा कुजलेली तुळई असेल. मला विचाराल तर बंद डिटेक्टर, कार्बन धरलेला मेन स्विच आणि एसीच्या भाराने तापणारी जुनी वायर ही आजची पडकी विहीरच आहे.

आणि आगीत कुणाचा जीव गेलाच, तर प्रश्न कराराचा राहत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा आहे. तिथे पोलीस अकरा महिन्यांच्या कागदापुरतं बघत नाहीत. कुणाला काय माहीत होतं आणि त्याने काय केलं, हे विचारतात.

तेव्हा माझ्या मते वाटणी अशी असावी. दाराबाहेरचं आणि पॅनेलला जोडलेलं सगळं सोसायटीचं, वायर फ्लॅटच्या आत आली तरी. दाराच्या आत साधन बसवणं आणि जुनं झालं की बदलणं मालकाचं, जसं गीझरचं असतं. ते जिवंत ठेवणं राहणाऱ्याचं: महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं, बॅटरी बदलायची, धूळ काढायची, बिघडलं तर त्याच दिवशी लेखी कळवायचं. व्हॉट्सअॅपवर कळवलंत तरी चालेल, फक्त फोनवर बोलून सोडू नका.

‘अकरा महिन्यांसाठी मी कशाला खर्च करू?’

हे दोघेही म्हणतात. मालक म्हणतो, राहणार ते, वापरणार ते. भाडेकरू म्हणतो, घर त्यांचं, मी उद्या निघून जाणार.

बॅटरीवरचा साधा फोटोइलेक्ट्रिक अलार्म हजार-दोन हजारांत येतो. मुंबईत ब्रोकरला आपण एका महिन्याचं भाडं हसत हसत देतो, त्यापुढे ही रक्कम किस झाड की पत्ती. तरी हिशेब करायचाच असेल तर असा करा. आग लागली तर मालकाचं घर जळतं, पण तो रात्री ठाण्याला किंवा न्यू जर्सीला झोपलेला असतो. त्या छताखाली तुम्ही झोपता. त्यामुळे मालकाने लावला तर उत्तम, नाही लावला तर स्वतः घ्या आणि घर सोडताना पंख्यासारखा काढून पुढच्या घरी न्या.

छताला भोक पाडलं तर डिपॉझिट कापतील, ही भीती खरी आहे. मुंबईत डिपॉझिटमधून खिळ्याचेसुद्धा पैसे वळते होतात. बऱ्याच अलार्मना चिकटपट्टीने लावायची तबकडी मिळते. ती वापरत असाल तर मालकाला फोटो पाठवून ठेवा.

विम्याबद्दल एवढंच. मालकाचा घराचा विमा असला तरी त्यात तुमचा लॅपटॉप, कपडे, फ्रीज येत नाहीत. २०२१ पासून भारत गृह रक्षा ही सगळ्या विमा कंपन्यांकडे एकसारखी मिळणारी पॉलिसी आहे, आणि भाडेकरू तीत फक्त घरातल्या सामानाचाही विमा घेऊ शकतो.

‘फोडणी दिली की बोंबलणार’

हा आक्षेप मात्र अगदी बरोबर आहे, आणि इंग्रजी माहितीपत्रकांत त्याचं उत्तर सापडत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांनी कधी लसणीची फोडणी दिलेली नसते. सुक्या मिरचीचा खकाणा शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाला खोकायला लावतो, वाटीने काय घोडं मारलंय?

उपाय जागेचा आहे. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावायचाच नाही, तिथे हीट अलार्म. स्मोक अलार्म झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर, शेगडीपासून निदान दहा फुटांवर. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून तीनएक फूट लांब, नाहीतर पंखा धूर भिरकावून देतो. कोपऱ्यात नको, तिथे हवा साचून राहते. एसीच्या तोंडासमोर नको. देवघराच्या डोक्यावर तर मुळीच नको, धुपाचा धूर त्याला कळतो पण भक्ती कळत नाही.

वन-आरकेत दहा फूट कुठून आणायचे? नाहीच आणता येत. अशा घरात ओट्यापासून जितक्या लांब जमेल तितक्या लांब, झोपायच्या बाजूला लावा आणि ‘हश’ बटण असलेला घ्या. ते दाबलं की तो काही मिनिटं गप्प बसतो आणि नंतर आपोआप कामाला लागतो. शॉवर कॅप आपोआप निघत नाही, एवढाच दोघांत फरक.

‘आमची जुनी बिल्डिंग, इथे कसला अलार्म?’

जुन्या इमारतीत लाकडी जिना असतो, मीटरच्या पेट्या त्याच जिन्याखाली असतात आणि जिन्यात चपलांचे स्टँड, सायकली, जुनं कपाट. बाहेर पडायची वाट एकच आणि तिच्यातच पेटण्याजोगं सगळं. टॉवरमध्ये निदान दुसरा जिना असतो. म्हणजे अलार्मची गरज उलट इथे जास्त.

पागडीच्या, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या घरात राहत असाल तर तुम्ही लायसन्सवाले नाही, भाडेकरू आहात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं १४ वं कलम तुमच्यासाठी आहे. इमारत राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. तो करत नसेल तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन तुम्ही दुरुस्ती करून घेऊ शकता आणि खर्च भाड्यातून वळता करू शकता, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पागडीच्या भाड्याचा एक चतुर्थांश म्हणजे किती, हे वाचून गिरगाव-लालबागची मंडळी हसतील. मला मान्य आहे. त्यात वायरिंग होणार नाही. सुट्टा अलार्म आपला आपण लावा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यात काळजी वाटते ती कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांची. एका खोलीत प्लायवूडचे आडोसे, सहा खाटा, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर सहा चार्जर आणि खिडकीला कुलूप लावलेली ग्रिल. करार बऱ्याचदा तोंडी. ९९ च्या याच कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्याची, आणि तो नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, समोरच्याने उलट सिद्ध करेपर्यंत. तेव्हा कागद नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. सहा जणांनी मिळून अलार्म घ्या, आणि ग्रिलच्या कुलपाची किल्ली खिडकीशेजारी, सगळ्यांना माहीत असलेल्या खिळ्यावर टांगा. हे दुसरं काम आजच करण्यासारखं आहे.

‘गॅसचा डिटेक्टर आहे की आमच्याकडे’

तो वेगळा प्राणी. गॅस डिटेक्टर गळती सांगतो, धूर नाही. आणि त्यातही एक गंमत बघून ठेवा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर वर. पाइपने येणारा पीएनजी हलका, तो छताकडे जातो, म्हणून त्याचा छताखाली फूटभर. इमारतीत सिलिंडर जाऊन पाइपगॅस आलेला असतो आणि डिटेक्टर मात्र जुन्या जागी, ओट्याखाली गस्त घालत बसतो. असं मी दोन घरांत पाहिलंय.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिसरी गोष्ट लागते, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. बंद, लहान बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं अंघोळ करता करता गेली आहेत, आणि तिथे धूर नसल्याने स्मोक अलार्म गप्प राहतो. खरा उपाय म्हणजे असा गीझर बाथरूमच्या आत ठेवायचाच नाही. भाड्याच्या घरात तो दिसला तर डिपॉझिटच्या घासाघिशीआधी तो बाहेर हलवून मागा.

करारात शेवटी काय आलं

एजंट आधी कुरकुरला. त्याचा मसुदा ठरलेला, त्यात बदल म्हणजे पुन्हा अंगठे. काकांनीच त्याला गप्प केलं. पॅनेल पाहून ते मनातून हादरले होते, घर शेवटी त्यांचं. दोन ओळी घातल्या. एक सामानाच्या यादीत: ‘हॉलमधील स्मोक डिटेक्टर एक, सोसायटीच्या पॅनेलला जोडलेला, बेडरूमबाहेरील बॅटरीवरील स्मोक अलार्म एक, मालकाने दिलेला, ताबा देताना वाजवून दाखवला.’ दुसरी अटींत: तपासणी आणि बॅटरी राहणारीकडे, बिघाड लेखी कळवल्यावर सात दिवसांत दुरुस्ती किंवा बदल मालकाकडे, दोघांपैकी कुणीही साधन झाकायचं किंवा काढायचं नाही.

सोसायटीचं जरा लांबलं. सेक्रेटरींनी जुलैचा फॉर्म बी दाखवला, त्यावर सगळं ठीक होतं. मग काकांनी सभासद म्हणून पत्र दिलं. हे सभासदानेच द्यावं, भाडेकरूच्या पत्राला कमिटी ‘पोहोचलं’ एवढंच म्हणते. पत्रासोबत पॅनेलवरच्या पिवळ्या दिव्याचा फोटो जोडला आणि प्रत अग्निशमन दलाला देऊ असं लिहिलं. एजन्सीचा माणूस तीन आठवड्यांनी आला. चौदाव्या मजल्याच्या डक्टमध्ये केबलवाल्यांनी डिटेक्टरची वायर कापून ठेवली होती. तिथून वरचे सगळे मजले मुके.

परवा रात्री साडेआठला भाचीच्या घरी इंटरकॉम वाजला. “मॅडम, पॅनल पे आपका फ्लॅट दिखा रहा है. सब ठीक है ना?”

ती ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती.